मधली रेघ

मैत्रिणींनो,

हा अंक 'मुली आणि मैदान' या विषयावर काढायचं ठरलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती फक्की. मी आठवीत असताना आमच्या गावच्या हायस्कूलच्या मैदानावर पी.टी.च्या सरांनी फक्कीनं एक रेघ मारून दिली. रेघेच्या अलीकडे, विहिरीच्या बाजूचा लहानसा तुकडा मुलींचा आणि पलीकडचं सगळं मैदान मुलांचं. आम्ही आमच्या तुकड्यात थ्रोबॉल खेळायचा. "तुमच्याच भल्यासाठी आहे," असं सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. आम्हांलाही तेव्हा बरंच वाटलं. निदान एक तुकडा तरी आपला झाला! ती रेघ कुणाला विचारून मारली, हा प्रश्न पडायला मला पुढे संघटनेत यावं लागलं.

या अंकासाठी वाचन करताना एका दूरच्या मैदानावरची अशीच एक रेघ भेटली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खेड्यांच्या शाळांची ही गोष्ट आहे. मका पिकवणारा, डुकरं-गुरं पाळणारा हा शेतकऱ्यांचा मुलूख. इथल्या लहान लहान हायस्कुलांत मुलींच्या बास्केटबॉलची जवळजवळ पाऊणशे वर्षांची परंपरा होती. ती आपण समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण तिच्यात अभिमान वाटण्याजोगंही पुष्कळ आहे आणि अस्वस्थ करणारंही.

बास्केटबॉल हा खेळ 1891च्या डिसेंबरात निघाला. त्यानंतर काही आठवड्यांतच सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवला. त्या काळी मुली धावल्या-दमल्या तर त्यांच्या नाजूक प्रकृतीवर आणि पुढच्या आईपणावर परिणाम होईल, अशी समजूत होती. म्हणून मैदानाचे भाग पाडले गेले. प्रत्येकीनं आपापल्या भागात राहायचं, रेघ ओलांडायची नाही. मुलींना खेळू द्यायचं, पण बेतानं!

आयोवात पुढे जो खेळ रुळला त्यात एका संघात सहा मुली असत. मैदानाच्या मधोमध रेघ. एका बाजूला तीन 'फॉरवर्ड', दुसऱ्या बाजूला तीन 'गार्ड'. चेंडू हातात आला की तो दोनदाच जमिनीवर आपटायचा, मग टाकायचा. बास्केट करायची ती फक्त फॉरवर्डनी. गार्डनी समोरच्या संघाच्या फॉरवर्डना अडवायचं आणि चेंडू मिळाला की तो रेघेपलीकडच्या आपल्या मैत्रिणीकडे द्यायचा. आपल्या कबड्डीत मधली रेघ ओलांडणं हाच खेळ. इथे ती ओलांडली की चूक.

आयोवाची पहिली राज्य स्पर्धा 1920 साली डे मॉइन या राजधानीच्या शहरात झाली. पण लगेचच वारं फिरलं. मुलींनी चुरशीनं, तिकीट लावून, प्रेक्षकांसमोर खेळणं वाईट, असं म्हणणारी मोठी मोहीम देशभर सुरू झाली. मैत्रिणींनो, ही मोहीम चालवणाऱ्यांत स्त्रिया पुढे होत्या! 1923 साली शिकलेल्या, शहरी, शारीरिक शिक्षण क्षेत्रातल्या स्त्रियांनी यासाठी राष्ट्रीय पातळीवर संस्थाच उभी केली. त्यांचे सगळेच मुद्दे चुकीचे नव्हते. प्रशिक्षक पुरुष, तिकिटाचा पैसा पुरुषांच्या हातात, मुली मात्र तमाशासारख्या पुढे, असं होऊ नये ही त्यांची काळजी खरी होती. पण त्यांनी काढलेला उपाय असा, की मुलींनी स्पर्धा खेळूच नयेत. खेळाचे मेळावे भरवावेत आणि जिंकणं-हरणं नसावं.

आयोवाच्या शालेय क्रीडा संघटनेनंही 1925 साली मुलींची राज्य स्पर्धा बंद करण्याचा ठराव केला. तेव्हा लहान गावांतल्या शाळांचे प्रमुख उठले. त्यातल्या एकानं बजावलं, की मुलींचा बास्केटबॉल बंद करू पाहाल तर रुळांच्या मधोमध उभे राहाल आणि आगगाडी अंगावरून जाईल. त्यांनी त्याच वर्षी फक्त मुलींच्या खेळांसाठी वेगळी संघटना काढली. ती आजही आहे आणि मुलींसाठी अशी स्वतंत्र संघटना असलेलं आयोवा हे अमेरिकेतलं एकमेव राज्य आहे. मोठ्या शहरांतल्या बहुतेक शाळा दूर राहिल्या. खेड्यांनी खेळ टिकवला.

खेड्यांनीच का? मला यात वर्गाचा प्रश्न दिसतो. ज्या घरात मुलगी पहाटे उठून गाईंच्या धारा काढते, पाण्याच्या बादल्या वाहते, कापणीला उभी राहते, त्या घराला 'मुली नाजूक असतात' हे पटवणं अवघड. शिवाय लहान शाळेत मुलंच थोडी. फुटबॉलचा संघ उभा करता येत नाही, पण सहा मुली मिळतात. मग त्या सहा मुली म्हणजेच गाव.

1968च्या अंतिम सामन्यात एका बाजूला युनियन आणि व्हिटन या दोन छोट्या गावांची मिळून असलेली शाळा होती, दुसऱ्या बाजूला एव्हर्ली. व्हिटनची वस्ती दोनशेच्या आत. डे मॉइनचं भलंमोठं सभागृह गच्च भरलेलं. युनियन-व्हिटननं जादा वेळेत 113-107 असा सामना जिंकला. एव्हर्लीच्या जॅनेट ओल्सननं एकटीनं 76 गुण केले, युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँगनं 64. याच डेनिसनं त्या वर्षी एका सामन्यात 111 गुण केले होते. 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक पुरुष संघानं तिची निवड जाहीर केली. लीगच्या प्रमुखांनी ती रद्द केली. काहींना ती निवडच प्रसिद्धीचा खेळ वाटली. पण शाळा संपली की तिच्यासारखीला पुढे खेळायला जागाच नव्हती, एवढं मात्र त्यातून उघड झालं.

आता मला त्या सामन्यातल्या दुसऱ्या मुलींबद्दल बोलायचं आहे. मी वर नावं लिहिली ती दोन्ही फॉरवर्डची. गार्ड कोण होत्या? चार-चार वर्षं खेळून, शेकडो सामन्यांचा सराव करून, ज्यांनी एकदाही बास्केटच्या दिशेनं चेंडू फेकला नाही त्या मुली? त्यांनी अडवलं, चेंडू काढून घेतला, रेघेपर्यंत आणला आणि दिला. हे काम आपल्या ओळखीचं नाही का? घरात, शेतात, संघटनेतसुद्धा?

यात नुसती भावनेची बाब नव्हती. 1971पासून अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींचा खेळ पाच जणींचा आणि पूर्ण मैदानाचा झाला होता. 1972 साली शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा 'टायटल नाइन' हा कायदा आला आणि मुलींना खेळासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ज्या गार्डनं कधी बास्केट केलीच नाही, तिला कोण घेणार? 1976 साली टेनेसी राज्यात एका गार्ड मुलीनं याच मुद्द्यावर कोर्टात दाद मागितली. खालच्या कोर्टात ती जिंकली, वरच्या कोर्टात हरली, पण तिथले नियम काही वर्षांत बदलले. आयोवात 1983 साली तीन मुलींनी खटला भरला. पुढच्या वर्षी शाळांना पाच जणींचा खेळ निवडायची मुभा मिळाली. सहा जणींची शेवटची राज्य स्पर्धा 1993 साली झाली.

ती संपली तेव्हा खेड्यांना खूप वाईट वाटलं. ज्या बायका स्वतः तो खेळ खेळल्या होत्या, त्यांनाही वाटलं. 'आमचा खेळ' गेला. आता जो आला तो मुलांचाच खेळ, मुलांच्याच नियमांनी. सहाच्या जागी पाच जणी. जिथे मुलींचा सामना हाच गावाचा सण होता, तिथे तो आता मुलांच्या सामन्याशी मोजला जाऊ लागला. हे दुःख मला खोटं वाटत नाही. समता म्हणजे पुरुषांचं माप आपल्याला लावून घेणं का, हा वाद आपल्या शिबिरांतही किती वेळा झाला आहे!

आपल्याकडचं उदाहरण बघा. 1948च्या कारखाने कायद्यानं बायकांना रात्रपाळी बंद केली होती. ते संरक्षण होतं की कामाच्या संधीवर मारलेली रेघ, यावर आपल्यात दोन मतं होती. सन 2000 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पण रात्री घरी सोडायला गाडी नाही, कारखान्यात पाळणाघर नाही, अशा ठिकाणी रेघ पुसल्यानं बाईच्या हाती काय पडतं? रेघ पुसली पाहिजे हे खरंच. पण ती पुसताना तिच्या आड जे थोडंफार आपलं म्हणून जमलं होतं, त्याचं काय करायचं, हेही ठरवावं लागतं.

आयोवाच्या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त टोचतं ते वेगळंच. 1925 साली स्पर्धा बंद करणारे पुरुष होते आणि वाचवणारेही पुरुषच. मुलींना जपणाऱ्या शहरी स्त्रियांनी खेड्यातल्या मुलींना विचारलं नाही, आणि मुलींचा अभिमान बाळगणाऱ्या शाळाप्रमुखांनीही नाही. मुलींच्या त्या संघटनेच्या सर्वोच्च पदावर पहिली स्त्री आली ती 2019 साली, म्हणजे स्थापनेनंतर चौऱ्याण्णव वर्षांनी! मुलींचं म्हणणं नोंदलं जायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

तरीही त्या खेड्यांनी एक गोष्ट कमावली, ती वाया गेली नाही. मुलींचा खेळ बघायला तिकीट काढून जायचं असतं, ही सवय त्या राज्यात तीन-चार पिढ्यांनी लावून ठेवली होती. सहा जणींचा खेळ संपल्यावर नऊ वर्षांनी डे मॉइनमध्ये केटलिन क्लार्क जन्मली. 2023च्या ऑक्टोबरात आयोवा विद्यापीठाच्या मैदानावर तिच्या संघाचा सामना बघायला 55,646 माणसं आली. 2024च्या मार्चमध्ये तिनं विद्यापीठीय बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीतला सर्वाधिक गुणांचा पुरुषांचा विक्रमही मागे टाकला. ती पूर्ण मैदानावर खेळते. मधल्या रेघेच्या आसपासून बास्केट करणं ही तर तिची ओळखच आहे.

मैत्रिणींनो, हा अंक हातात पडल्यावर एक काम करू या. आपापल्या गावच्या शाळेत जाऊन मैदान बघू या. मुली कुठे खेळतात? कोणत्या इयत्तेपर्यंत खेळतात? मग कोण थांबवतं? घर, शाळा, पाळीची अडचण, स्वच्छतागृहाचा अभाव, की संध्याकाळची एस.टी.? आणि हे सगळं मुख्याध्यापकांना विचारण्याआधी मुलींना विचारू या. त्यांना वेगळं मैदान हवं असेल तर तेही ऐकू या, सगळं मैदान हवं असेल तर तेही. आपण बाहेरून जाऊन 'हेच तुमच्या भल्याचं' म्हणालो, तर आपल्या हातातही फक्कीचा डबाच असेल.

तुमचे अनुभव जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत. गार्ड म्हणून खेळलेल्या मैत्रिणींनी तर नक्की लिहा.

तुमची,
संपादक