फाइलवरची तारीख खरी कशावरून?

समजा, रूम भाड्याने घेतानाच तुम्ही भिंतीच्या ओलीचे फोटो काढून ठेवलेत. वर्षभराने डिपॉझिट परत मागताना घरमालक म्हणाला, 'हे फोटो आत्ताचे कशावरून नाहीत?' तर काय कराल? फाइलवरची तारीख दाखवाल? ती बदलायला लिनक्सवर 'टच' ही एक कमांड पुरते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अंक-अक्षरांचा असतो. फोटोतला एक पिक्सेल बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. पण फाइल बदलली का, एवढंच हॅशवरून कळतं. ती कधीची आहे, हे नाही.

ही उणीव 'ट्रस्टेड टाइमस्टॅम्प' भरून काढतो. त्याचं तांत्रिक मानक, आरएफसी ३१६१, २००१ सालचं आहे. ओपनएसएसएल या मोफत टूलमध्ये त्यासाठी 'टीएस' ही कमांड आहे. तिचा 'क्वेरी' पर्याय फोटोचा हॅश काढून छोटी विनंती-फाइल बनवतो. ती 'कर्ल'ने टाइमस्टॅम्प सर्व्हरला पाठवायची. सर्व्हर त्या हॅशला वेळ जोडतो, डिजिटल सही करतो आणि उत्तर पाठवतो. फोटो तुमच्याकडेच राहतो, बाहेर जातो तो फक्त ठसा. पुढे कधीही 'व्हेरिफाय' चालवा. मूळ फोटो, सर्व्हरचं उत्तर आणि त्याचं रूट सर्टिफिकेट जुळलं की स्क्रीनवर 'व्हेरिफिकेशन: ओके' येतं.

मात्र यातून सिद्ध काय होतं? फाइल त्या वेळी अस्तित्वात होती आणि नंतर बदललेली नाही, इतकंच. फोटो कुणी काढला, कुठे काढला, हे नाही. डीपफेकवरही असा शिक्का बसू शकतो! शिवाय शिक्का कुणाचा, हेही बघायला हवं. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली परवाना असलेल्या सर्टिफाइंग ऑथॉरिटी आहेत. मोफत परदेशी सर्व्हर वापरलात, तर त्यावर विश्वास का ठेवायचा, हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा शिक्का मागच्या तारखेचा मिळत नाही. भांडण झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, तो त्याच दिवशी घ्यायचा. आणि मूळ फाइल डिलीट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो कॉम्प्रेस होतो, म्हणजे ठसा बदलला. मूळ फोटो आणि सर्व्हरचं उत्तर, दोन्ही एकत्र जपा.