सदसद्विवेकबुद्धीस साक्षीदार कोण?

युद्धावर जाण्यास जो नकार देतो तो भित्राच असला पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि काही भित्रेही ह्या आडोशास येऊन बसतात, हे आम्ही नाकबूल करीत नाही. परंतु बाजारात खोटी नाणी फिरतात म्हणून कोणी व्यापारी खरा रुपया घेण्याचे बंद करीत नाही. तो वाजवून घेतो. प्रश्न एवढाच, की मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीचे नाणे वाजवावे कोणी व कसे?

इंग्लंडात १९१६ च्या जानेवारीत सक्तीच्या लष्करी नोकरीचा कायदा पास झाला. ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीस युद्ध पटत नाही त्यास सूट मागता येईल, असे कलम त्यात होते, व ते त्या पार्लमेंटास भूषणावह आहे. पण अर्जांचा निकाल कोणी करावयाचा? गावोगावच्या प्रतिष्ठितांच्या मंडळांनी. आणि तेथे उलटतपासणीस लष्करी खात्याचा प्रतिनिधी हजर! जर्मन शिपायाने तुझ्या बहिणीवर हात टाकला तर तू काय करशील, ह्या धर्तीचा प्रश्न तर ठरलेलाच असे. मारीन म्हटले तर अर्जदार ढोंगी, न मारीन म्हटले तर नराधम. ज्या खटल्यात दोन्ही उत्तरांनी आरोपी बुडतो, त्यास चौकशी म्हणण्यास आमची वकिली जीभ तरी वळत नाही. क्वेकर पंथाच्या मनुष्यास निदान आपल्या पंथाचे नाव सांगता येई; जो स्वतःच्या विचाराने त्या निश्चयास पोचला, त्याने कोणाचा दाखला आणावा?

त्या युद्धात असे नकार देणारे सुमारे १६,००० होते. अर्ज फेटाळला की मनुष्य शिपाई ठरे, आणि हुकूम मोडला की लष्करी कोर्टापुढे उभा राही. १९१६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये नेलेल्या अशा ३५ जणांस मृत्यूची शिक्षा वाचून दाखविण्यात आली, व मग ती दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणण्यात आली. १९१८ च्या कायद्याने अशा पुष्कळांचा मताधिकार पाच वर्षे काढून घेतला. जीव वाचविण्यासाठी भित्रा मनुष्य ह्याहून सोपी वाट शोधता ना?

पुढे १९३९ साली इंग्रजांनी ही व्यवस्था बरीच सुधारली. मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सभासदांत कामगारांच्या बाजूचा एक, वर अपिलाची सोय. सुमारे ६०,००० लोकांनी आपली नावे नोंदविली. अर्जदाराने आपले म्हणणे लिहून द्यावे, ओळखीच्यांची पत्रे व साक्षी आणाव्यात, आणि मंडळाने त्याचे मागील आयुष्य पाहावे, ही रीत आम्हांस रास्त वाटते. आमच्या व्यापारी वाचकांस तिचे मर्म सांगावयास नको. रोजकीर्द व खतावणी नियमाने ठेवलेली असेल तर कोर्ट ती पुराव्यात घेते, कारण तंटा उपस्थित होण्यापूर्वीच्या त्या नोंदी असतात. पण केवळ त्यांवरून कोणावर देणे लादता येत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, व त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आहे. सदसद्विवेकबुद्धीचेही तसेच. समन्स आल्यावर लिहिलेल्या पानापेक्षा आधीची पाने पाहावीत.

अमेरिकेत प्रथम धार्मिक श्रद्धेची अट होती. तेथील सर्वश्रेष्ठ न्यायालयाने १९६५ व १९७० च्या निकालांनी ती सैल केली; देवाचे नाव न घेणाऱ्याची नैतिक श्रद्धाही तितकीच दृढ असली तर पुरे, असे ठरले. परंतु १९७१ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, विरोध सर्वच युद्धांस पाहिजे. एखादेच युद्ध अन्यायाचे म्हणून नाकारणाऱ्यास सूट नाही. येथे मात्र आमचा सक्त मतभेद आहे. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही विनोबा भावे, दुसरे नेमलेले जवाहरलाल नेहरू. विनोबांस शस्त्रयुद्धच अमान्य. नेहरूंचा आक्षेप असा की, परतंत्र देशास न विचारता त्यास युद्धात ओढले. अमेरिकेचा नियम लावला तर विनोबा सुटतात आणि नेहरूंस बराकीत जावे लागते! म्हणजे जो युद्धायुद्धांत न्याय-अन्याय निवडतो, त्याच्याच विवेकास कायदा विवेक म्हणावयास तयार नाही.

हे सर्व परक्यांचे, आपणांस काय त्याचे, असे कोणी म्हणेल. हिंदी लोकांवर कायद्याने सक्तीची लष्करभरती लादली गेली नाही हे खरे; (१९१८ च्या सुमारास पंजाबात माणसांचे आकडे ठरवून देऊन जी झाली, तिला खुशीची म्हणणाऱ्याने म्हणावे.) पण आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा सरकारास ठेवली आहे. धर्म, वंश, जात वा वर्ग एवढ्याच कारणावरून भेद करू नये, इतकेच तेथे बंधन. २५ व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन. आणि युद्धकाळी त्या शब्दांची व्याप्ती किती वाढते हे सांगावयास कायदेपंडित नको.

तेव्हा असा कायदा कधी आणावयाचा झाला, तर सूट देणारे कलम त्याच्याबरोबरच यावे, मागाहून दया म्हणून नव्हे. निकाल न्यायाधीशाने द्यावा, लष्करी अधिकाऱ्याने नव्हे, अपील असावे, आणि नकार देणाऱ्याकडून इस्पितळात, शेतात किंवा साथीच्या गावी तितक्याच मुदतीची सेवा अवश्य घ्यावी. ती करण्यास जो तयार आहे, त्यास बहिणीचा प्रश्न विचारण्याची मंडळास गरज पडणार नाही.