क्वायच्या पुलाचे खरे मजूर

डेव्हिड लीन यांचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (1957) व्हिडिओ कॅसेट व पुढे डीव्हीडीवरून मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पोहोचला आणि ‘युद्धविरोधी अभिजात कलाकृती’ ठरला. या स्तुतिपाठकांना एकच सवाल आहे : तो लोहमार्ग बांधला कोणी?

चित्रपट म्हणतो, ब्रिटिश शिस्तीने. जपान्यांना पूल जमत नाही, गोरा कर्नल तो बांधून दाखवतो! वस्तुस्थिती अशी की, 1942-43 मध्ये सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचा 415 किलोमीटरचा मार्ग जपानी अभियंत्यांनीच आखला. जपानी फॅसिस्टांनी तेथे सुमारे 60,000 दोस्त युद्धकैदी राबवले. 12,000 हून अधिक मेले. त्यांच्या यातना कोणी नाकारीत नाही. परंतु आशियाई मजूर दोन लाखांच्या आसपास होते : ब्रह्मी, जावानीज, मलय आणि मलायातील ब्रिटिश रबरमळ्यांतून ओढून नेलेले हजारो तमिळ. पटकी, हिवताप व उपासमार यांनी त्यांपैकी सुमारे 90,000 बळी घेतले, असा अंदाज आहे. पडद्यावर त्यांना जागा नाही. गोऱ्या कमांडोंची ओझी वाहणाऱ्या सयामी तरुणी मात्र आहेत.

दुसरी लबाडी पडद्यामागची. पटकथा लिहिली कार्ल फोरमन व मायकेल विल्सन यांनी. दोघेही हॉलिवूडच्या कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीत. म्हणून ऑस्कर दिले गेले पटकथेशी संबंध नसलेल्या मूळ कादंबरीकार पिएर बूल यांना! अकादमीने हा अन्याय 1984 साली मान्य केला. विल्सन 1978 मध्येच निवर्तले होते. नूतनीकृत प्रतीत आता दोघांची नावे आहेत. रबरमळ्यांतले तमिळ मजूर त्याही प्रतीत नाहीत.