अक्षता, अँजिओग्राफी आणि डिस्क बदलण्याची घाई

बोनकोडे गावठाणातल्या जुन्या घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एकाच पिशवीत दोन प्रकारच्या डिस्क सापडतात. हळदीच्या आणि लग्नाच्या डीव्हीडी, आणि त्यांच्याच मध्ये खोचलेली, इस्पितळातून मिळालेली अँजिओग्राफीची किंवा सीटी स्कॅनची सीडी. घरी लिहिल्या जाणाऱ्या डिस्कमध्ये माहिती एका पातळ रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, ओल यांनी तो थर खराब होतो. खाडीकाठची हवा त्याला पोषकच. शिवाय नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. त्यामुळे हे सगळे पेनड्राइव्हवर काढून घ्यावे असे कुटुंबाला वाटते, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न आहे तो कसे काढून घ्यावे याचा.

स्टुडिओवाला सांगतो, ‘ग्राफिक्स कार्डवर टाकतो, संध्याकाळपर्यंत सगळ्या घेऊन जा.’ या वाक्यात खोटे काही नाही. मात्र त्यात कोणाची सोय आहे, हे समजून घ्यायला हवे.

डीव्हीडीवरचे चित्र मुळातच दाबलेले असते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपके, सेकंदाला २५ चित्रे, आणि ती एमपेग-२ या पद्धतीने बांधलेली. मोबाइलवर चालणारी लहान फाइल हवी, तर तेच चित्र सोडवून एच.२६४ सारख्या नव्या पद्धतीत पुन्हा बांधावे लागते. हे बांधणे म्हणजे एन्कोडिंग. एन्कोडर चित्राचे लहान चौकोन करतो आणि प्रत्येक चौकोन मागच्या-पुढच्या चित्रांत कुठे सापडतो ते शोधतो. सापडला तर ‘इकडून तिकडे इतका सरकला’ एवढीच नोंद पुरते. नाही सापडला तर तो नव्याने लिहावा लागतो. सगळी कमाल या शोधात आहे. शोध कसून झाला, तर कमी जागेत स्वच्छ चित्र बसते.

हा शोध दोन तऱ्हांनी होतो. एक्स२६४ सारखा सॉफ्टवेअर एन्कोडर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो आणि सांगाल तितका वेळ घेऊन अनेक शक्यता तपासतो. दुसरीकडे, चिपमध्येच त्या कामासाठी कोरलेले सर्किट असते. इंटेलचे क्विक सिंक २०११ मध्ये आले, एनव्हिडियाचे एनव्हेंक २०१२ मध्ये. ते ठरावीक शक्यता ठरावीक क्रमाने तपासते आणि कित्येक पटींनी लवकर मोकळे होते. सरकारी ओपीडीत रुग्णामागे दोन मिनिटे मिळणारा डॉक्टर आणि वॉर्डात निवांत तपासणारा तोच डॉक्टर, यांत जो फरक असतो तसाच हा. दोन मिनिटांतही बहुतेक सर्दी-ताप बरोबर ओळखले जातात. अडचण येते ती अवघड रुग्णाशी.

लग्नाच्या डीव्हीडीतला अवघड रुग्ण म्हणजे अक्षता पडण्याचा क्षण. शेकडो दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना उडतात. मागच्या चित्रातला चौकोन पुढच्या चित्रात कुठेच जसाच्या तसा सापडत नाही. हळदीच्या रात्रीचे पिवळे दिवे, धूर, नाचणारी गर्दी यांचेही तेच. तिथे घाईचा एन्कोडर हात टेकतो आणि वधूच्या चेहऱ्यावर चौकटी उमटतात. फाइलचा आकार सारखाच ठेवला तर सॉफ्टवेअरचे चित्र साधारणपणे सरस निघते. चित्र सारखे हवे असेल तर हार्डवेअरची फाइल मोठी होते.

हार्डवेअरला नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. व्हिडिओ कॉल, सीसीटीव्ही, मोबाइलचे चित्रीकरण ही सगळी कामे त्याच्या जोरावरच चालतात. तिथे उशीर परवडत नाही. २०१८ नंतरच्या एनव्हिडिया कार्डांनी हे अंतर बरेच कमीही केले आहे, आणि फाइल मोठी चालत असेल तर साध्या डोळ्याला फरक दिसणार नाही. पण दुकानदाराला दिवसात पन्नास डिस्क उरकायच्या असतात, तर कुटुंबाला आयुष्यात एकदाच दहा. घरचा संगणक रात्रभर चालत राहिला तर कोणाचेही काही अडत नाही. वेग ही दुकानाची गरज आहे. ती ग्राहकाने आपली समजून अंगावर घेऊ नये.

हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम वापरणाऱ्याने एक्स२६४ निवडावा, वेग ‘स्लो’ ठेवावा आणि गुणवत्तेचा आकडा १८ ते २० च्या आसपास. हा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले, हे आधी उलटे वाटते. हार्डवेअर एन्कोडरमध्येही असाच आकडा असतो, पण तिथला २० आणि इथला २० एक नव्हे. हलत्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर डीइंटरलेस करावे. चित्र ताणून ‘एचडी’ करून देतो असे कोणी म्हटले तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. नसलेले ठिपके त्यातून येत नाहीत. आणि जागा असेल तर सर्वांत उत्तम म्हणजे काहीच न करता डीव्हीडी जशीच्या तशी उतरवून ठेवणे. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची असते, १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेच्या आसपास मावतात.

इथवर प्रश्न आठवणींचा होता. त्याच पिशवीतली इस्पितळाची सीडी दुकानात गेली, तर तो आरोग्याचा होतो.

ही सीडी म्हणजे व्हिडिओ नव्हेच. तिच्यावर डायकॉम या वैद्यकीय मानकातल्या फाइली असतात. अँजिओग्राफीचे चित्र बहुधा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचे, करड्या रंगाच्या २५६ छटांचे, सेकंदाला साधारण १५ चित्रे. हिशेब केला तर न दाबलेली माहिती सेकंदाला ३१ मेगाबिटच्या पुढे जाते. दुकानातून मिळणारी एमपी४ फाइल सेकंदाला दोन मेगाबिटची असेल, तर दाबण्याचे प्रमाण जवळपास १६ पट झाले. अमेरिका आणि युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ पट दाबलेल्या अँजिओग्राफीत निदानाच्या खुणा ओळखताना चुका वाढल्या होत्या. तो अभ्यास जेपेग पद्धतीवर होता आणि एच.२६४ तिच्याहून पुष्कळ कार्यक्षम आहे, हे खरे. तरीही धमनीतली गुठळी कित्येकदा एका फिकट सावलीइतकीच दिसते, आणि एन्कोडर नेमक्या अशाच फिकट, ‘बिनमहत्त्वाच्या’ तपशिलावर जागा वाचवतो. त्याला वधूचा चेहरा आणि गुठळी यांतले काहीच कळत नाही.

सीटी स्कॅनचे नुकसान याहून मोठे. त्यात साधारणपणे ४०९६ छटा असतात. डॉक्टर त्याच फाइलमधून एकदा फुप्फुस बघतात, एकदा हाड. व्हिडिओत बहुधा २५६ छटाच उरतात आणि पडद्यावर त्या क्षणी जे दिसत होते तेवढेच गोठते. मोजमाप घेता येत नाही, कधी कधी रुग्णाचे नाव आणि तारीखही हरवते. इथे सॉफ्टवेअर एन्कोडर रात्रभर चालवूनही उपयोग नाही. या सीडीचे एन्कोडिंग करायचेच नसते.

एवढी काळजी कशासाठी? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यापुढे इस्पितळाकडे चित्रे असतीलच असे नाही. स्टेंट बसवून आठ-दहा वर्षे झालेला रुग्ण पुन्हा छातीत दुखते म्हणून येतो, तेव्हा जुनी अँजिओग्राफी शेजारी ठेवून बघता आली तर कोणती अडचण जुनी आणि कोणती नवी हे लगेच उमगते. ती जगातली एकमेव प्रत बहुतेक वेळा कपाटाच्या वरच्या कप्प्यातच असते.

अशा सीडीवरचे सगळे फोल्डर, त्यांतली ‘डायकॉमडिर’ नावाची फाइल आणि चित्रे दाखवणारा प्रोग्रॅम यांसह, नावे न बदलता जसेच्या तसे कॉपी करावेत. सीडी जास्तीत जास्त ७०० एमबीची. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशा ८०-९० मावतील. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह शेजाऱ्याकडून मागून आणला तरी हे काम घरी होते, आणि रुग्णाचे नाव, वय, आजार दुकानातल्या संगणकावर राहत नाही. कॉपी दुसऱ्या संगणकावर उघडून चित्रे हलतात का ते बघावे, तिची आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि तोवर मूळ सीडी भंगारात देऊ नये. डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचीच झाली तर फोल्डर झिप करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे; व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल वाटेत पुन्हा दाबली जाते.