नदीचा सातबारा आणि पाण्याची वहिवाट : ओझार्कमधील ट्राउटची गोष्ट

(१/१६) आजचा थ्रेड एका ओढ्यापासून सुरू करते. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात उगम पावणारा शोल क्रीक पश्चिमेकडे वाहत कॅन्सस राज्यात शिरतो. सीमेवर पाण्याचा रंग बदलत नाही, मासाही थबकत नाही. होडीतून येणाऱ्या माणसाचा हक्क मात्र बदलतो. मिसुरीत तरंगण्याजोग्या प्रवाहातून जाण्याचा, पाण्यातून चालण्याचा आणि गळ टाकण्याचा अधिकार सर्वांना आहे. कॅन्ससमध्ये शिरताच काठच्या मालकाच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो. एकाच प्रवाहाला दोन न्याय का? भूगोलापाशी याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

(२/१६) ओझार्क म्हणजे दक्षिण मिसुरी, उत्तर आर्कान्सॉ आणि लगतच्या राज्यांच्या कडा व्यापणारा प्राचीन, झिजलेला डोंगराळ प्रदेश. त्याचा पाया चुनखडीचा आणि डोलोमाइटचा. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खाली उतरते, भूगर्भातील पोकळ्यांतून वाहते आणि एखाद्या कड्याच्या पायथ्याशी प्रचंड झरा होऊन उसळते. या झऱ्यांचे पाणी बारमाही सुमारे १३ ते १४ अंश सेल्सिअस राहते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. उन्हाळ्यात तापणाऱ्या मोठ्या पात्रात तो तग धरत नाही. झऱ्यांखालच्या काही मैलांतच त्याचा संसार. एवढे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सारा कायदेशीर पेच याच गोष्टीत गुंतलेला आहे.

(३/१६) आणि हा मासा मुळात तिथला नाहीच. मिसुरीत ट्राउटची एकही मूळ जात नव्हती. अमेरिकी मत्स्य आयोगासाठी लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी १८७२ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅक्क्लाउड नदीवर अंडी गोळा करण्याचे केंद्र उभारले. पुढे रेनबो ट्राउटची अंडी रेल्वेने देशभर रवाना होऊ लागली. १८८० च्या दशकात ती मिसुरीत पोहोचली आणि १८८८ मध्ये निओशो येथे संघराज्याचे मत्स्यबीज केंद्र स्थापन झाले. ते आजही चालू आहे. मिसुरीतील क्रेन क्रीकमध्ये त्या मॅक्क्लाउड वाणाचे वंशज अद्याप नांदताना आढळतात.

(४/१६) इथे एक कटू सत्य नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मॅक्क्लाउडच्या काठी विन्नेमेम विंटू लोकांची वस्ती होती. १९४० च्या दशकात शास्ता धरणाने त्या खोऱ्याचा खालचा भाग आणि त्यांची गावे बुडवली. इकडे ओझार्क ही ओसेज लोकांची शिकारभूमी. १८०८ च्या तहान्वये मिसुरीचा बहुतांश भाग आणि आर्कान्सॉचा उत्तर भाग त्यांना सोडावा लागला. म्हणजे पुढील दीडशे वर्षे ‘ही नदी माझी की सर्वांची’ असा जो वाद रंगला, त्यातल्या ‘माझी’ आणि ‘सर्वांची’ या दोन्ही शब्दांतून आधीचे लोक वगळलेलेच होते.

(५/१६) आता कायद्याकडे वळू. इंग्लंडच्या जुन्या परंपरेत भरतीचे पाणी पोहोचते तेथवरची नदी ‘नौकागम्य’, म्हणजे सार्वजनिक मानली जाई. समुद्रापासून शेकडो मैल आत वाहणाऱ्या अमेरिकी नद्यांना ही व्याख्या कशी पुरावी? १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशाने मिसिसिपीला मिळणारे नौकागम्य प्रवाह आणि दोन प्रवाहांमधील होड्या वाहून नेण्याच्या वाटा सर्वांना सदैव खुल्या ठेवल्या. १८२० मध्ये मिसुरीला राज्यपद देण्याच्या कायद्यात प्रवाहांविषयीचे हेच तत्त्व आले. पुढे १८७० मध्ये ‘डॅनियल बॉल’ या आगबोटीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष व्यापारी वाहतुकीस उपयोगी पडणे हीच कसोटी ठरवली.

(६/१६) पेच इथेच आहे. जिथे आगबोट चालते, तिथे ट्राउट जगत नाही. जिथे ट्राउट जगतो, तिथे आगबोटीचा तळ खडकाला घासतो. झऱ्याखालचा अरुंद प्रवाह मोठ्या व्यापाराच्या कसोटीला उतरणार कसा? आणि उतरला नाही, तर दोन्ही काठांची जमीन ज्याची, नदीचा तळही त्याचाच. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्या नदीचा सातबारा खाजगी. मग त्या तळावर पाय ठेवून गळ टाकणारा कोण? पाहुणा, की घुसखोर?

(७/१६) या प्रश्नाचे उत्तर एका अनपेक्षित वर्गाने लिहून ठेवले होते : लाकूडतोड्यांनी. यादवी युद्धानंतर अमेरिकेत रेल्वेचे जाळे वेगाने पसरले. एका मैलाच्या रुळांखाली अडीच ते तीन हजार लाकडी स्लीपर लागत आणि ते काही वर्षांत कुजत. ओझार्कच्या ओक व पाइन वृक्षांवर कुऱ्हाड चालली. मजूर रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने ओंडका चौकोनी तासून स्लीपर घडवत, मजुरी नगावर मिळे. रस्ते नव्हते. तेव्हा कड्यावरून स्लीपर नदीत घसरवायचे, त्यांचे लांबच लांब तराफे बांधायचे आणि वळणावळणाच्या पात्रातून बांबूसारख्या लांब काठीने ते रेल्वेस्थानकाजवळच्या काठापर्यंत न्यायचे.

(८/१६) करंट नदीच्या खोऱ्यातील ग्रँडिन येथे तर १८८० च्या दशकाअखेरीस प्रचंड लाकूड गिरणी उभी राहिली. जंगल संपले आणि १९०९ मध्ये गिरणी बंद पडली. मागे उघडे डोंगर आणि गाळाने, गोट्यांनी भरलेली पात्रे उरली. मात्र तराफे हाकणाऱ्या माणसांना नदीचा प्रत्येक डोह ठाऊक झाला होता. त्यांच्यातल्या काहींनी पुढे शहरी हौशी लोकांना सपाट तळाच्या होड्यांतून मासेमारीला नेण्याचा व्यवसाय पत्करला. मजुरीची वाट अशी हळूहळू हौसेची वाट झाली.

(९/१६) हा सारा इतिहास १९५४ मध्ये न्यायालयात उपयोगी पडला. ‘एल्डर विरुद्ध डेलकूर’ या खटल्याचा विषय होता डेंट परगण्यातून वाहणारी मेरामेक नदी. तिथे तिचे पात्र लहान. एक माणूस होडीतून, तर कुठे पाण्यातून चालत मासे धरत गेला. दोन्ही काठांच्या मालकाने त्याला हरकत घेतली. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा दावा अर्धा मान्य केला : तळ त्याचाच. पण वरचे पाणी सार्वजनिक, कारण या पात्रातून पूर्वी ओंडके आणि रेल्वेचे स्लीपर वाहून नेले जात आणि ते लहान होड्यांना आजही चालण्याजोगे आहे.

(१०/१६) परिणामी कामासाठी असो वा करमणुकीसाठी, तरंगत किंवा पाण्यातून चालत जाण्याचा आणि कायद्याने मासे धरण्याचा हक्क सर्वांचा ठरला. वाटेत अडथळा आला, तर काठावरून आवश्यक तेवढा वळसा घेणेही अतिक्रमण नव्हे. १७८७ च्या अध्यादेशातील होड्या वाहून नेण्याच्या वाटांची इथे सहज आठवण होते. या निर्णयाचे मर्म मराठीत एका शब्दात सांगता येते : वहिवाट. मालकी एकाची, वाट सर्वांची. आणि वहिवाट सिद्ध होते ती वापराच्या पुराव्याने. तो पुरावा ज्यांनी निर्माण केला, त्या मजुरांना आपण कोणाचा हक्क घडवत आहोत याची कल्पनाही नव्हती.

(११/१६) तथापि या हक्काला मर्यादा आहेत आणि त्यांचे अज्ञान जीवघेणे ठरू शकते. नदीत उतरण्याची जागा कायदेशीर हवी : सार्वजनिक घाट, पुलाजवळची सरकारी हद्द किंवा मालकाची परवानगी. कोणाच्या शेतातून आडवे जाण्याचा परवाना हा निर्णय देत नाही. पाण्यालगतच्या गोट्यांच्या पट्ट्यावर किती थांबावे, तिथे मुक्काम करावा काय, यावर वाद होतच राहतात. २०१३ च्या जुलैमध्ये मेरामेकच्या अशाच एका पट्ट्यावर हद्दीवरून बाचाबाची झाली, जमीनमालकाने गोळी झाडली आणि होडीतून आलेल्या एका माणसाचा जीव गेला. मालकाला पुढे खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. पाण्याची सीमारेषा धूसर राहिली की काय घडते, ते असे.

(१२/१६) शेजारच्या राज्यांनी काय केले? आर्कान्सॉच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मलबेरी नदीच्या खटल्यात आगबोटींच्या काळातली व्याख्या अपुरी ठरवली. वर्षाचा बराच काळ लोक होड्यांतून विहार करू शकतात, एवढे नौकागम्यतेला पुरेसे मानले. याउलट कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये आपल्या शोल क्रीकबाबत निर्णय दिला की, नौकागम्य नसलेल्या प्रवाहाचा तळ खाजगी असेल, तर करमणुकीसाठी वरचे पाणी वापरण्याचा हक्क जनतेला नाही. ओढ्यावर घातलेले कुंपण असे टिकले. पहिल्या मुद्द्यातील कोडे इथे सुटते.

(१३/१६) जमीनमालकाची बाजू मला तुच्छ वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी शेकडो होड्या दारावरून जाणे, काठावर बाटल्या पडणे, फाटक उघडे राहून गुरे बाहेर जाणे, हे सोसणारा तोच असतो. शिवाय सरकारविषयीच्या त्याच्या संशयालाही इतिहास आहे. १९६४ च्या कायद्याने करंट आणि जॅक्स फोर्क नद्यांचा सुमारे १३४ मैलांचा पट्टा राष्ट्रीय संरक्षणाखाली आला. नद्या वाचल्या, पण त्यासाठी अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी द्याव्या लागल्या आणि ती सल अजून गेलेली नाही. ‘सर्वांचे’ या शब्दाची किंमत नेहमी कोणीतरी एकटा मोजत असतो.

(१४/१६) तरीही माझे मत मिसुरीच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मेरामेकच्याच पुढच्या इतिहासात सापडते. या नदीवर सलिव्हनजवळ मोठे धरण बांधण्याची योजना १९३८ पासून मंजूर होती. कामही सुरू झाले होते. परंतु दरम्यानच्या काळात होडीवाले, मासेमार आणि गुहा धुंडाळणारे यांची एक पिढी या नदीवर वाढली होती. १९७८ मध्ये सेंट लुईस शहर आणि १२ परगण्यांत सल्लादायी मतदान झाले. सुमारे ६४ टक्के मतदारांनी धरणाला नकार दिला आणि १९८१ मध्ये योजनेची मान्यताच रद्द झाली. जी नदी लोकांना पाहताच येत नाही, तिच्यासाठी मत कोण देणार? प्रवेशाचा हक्क मिळाला म्हणून नदीला वाली मिळाला.

(१५/१६) या विचाराचे एक कूळ आपल्यापर्यंत पोहोचलेले आहे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ’ या खटल्यात, ब्यास नदीचा प्रवाह वळवणाऱ्या एका हॉटेलच्या प्रकरणात, सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले. त्यासाठी अमेरिकी न्यायनिवाड्यांचा आणि कायदेपंडित जोसेफ सॅक्स यांच्या लेखनाचा आधार घेतला. एल्डर खटल्याशी या निर्णयाचा थेट संबंध नाही. परंतु कागदोपत्री मालकीच्या पलीकडे पाण्यावर सर्वांचा काही हक्क उरतो, ही धारणा दोन्हींत समान आहे.

(१६/१६) मी ओझार्क पाहिलेले नाही. निकालपत्रे आणि नकाशे यांतूनच या नद्या मला भेटल्या. मात्र त्यांनी इतिहासाच्या विद्यार्थिनीला एक गोष्ट पक्की शिकवली. न्यायालयात नदीच्या बाजूने तिचे सौंदर्य साक्ष देत नाही. कोणी कधी काय वाहून नेले, याची नोंद साक्ष देते. तुमच्या गावच्या नदीवरचे उतार, पाणवठे, होडीचे घाट, जाळी वाळत घालण्याच्या जागा आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा, ठिकाण आणि साल यांसह. आज ती आठवण वाटेल. उद्या काठावर कुंपण पडले, तर तोच वहिवाटीचा पुरावा असेल.