मोरीतला वास आणि हद्दीचा प्रश्न

मोरीतून वास येऊ लागला की गिरगावापासून लालबागपर्यंतच्या घरांत एकच उपाय ठरलेला असतो: जाळीवर दोन डांबरगोळ्या टाकायच्या, वर पालथी बादली ठेवायची आणि खिडकी उघडायची. खिडकी उघडणे शहाणपणाचे आहे. डांबरगोळीचे मात्र तसे नाही. ती नाकाची समजूत घालते, वायू अडवत नाही. शिवाय तिच्यातील नॅफ्थलीनची वाफ आपल्या परीने घरच्या हवेत भरच घालते.

या दुर्लक्षाची किंमत किती असू शकते, हे पुदुच्चेरीत दिसले. तेथील रेड्डियारपाळयम भागात ११ जून २०२४ रोजी भुयारी गटारातील विषारी वायू राहत्या घराच्या शौचालयात शिरला आणि तिघींचा मृत्यू झाला. त्यांत एक शाळकरी मुलगी होती. त्या गटारात उतरल्या नव्हत्या; आपल्याच घरात होत्या.

मैल्यातील जिवाणू प्राणवायू नसलेल्या अंधारात हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे जेमतेम दहा भाग असले तरी अनेकांना वास येतो. पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास हाच वायू नाकाची जाणीव बधिर करतो. वास ‘गेला’ म्हणून माणूस निर्धास्त होतो, तेव्हाच धोका सर्वांत मोठा असू शकतो. सोबत असणाऱ्या मिथेनला तर वासच नसतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ठिणगी पुरते.

या साऱ्यापासून घराला वाचवते ते नहाणी ट्रॅपमधले दोन-अडीच इंच पाणी. वाकड्या नळीत पाणी अडवून वायू रोखण्याची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपासाठी पेटंट केली. आजही बहुतेक घरांची भिस्त तिच्यावरच आहे. पण बंद फ्लॅटमधील पाणी काही आठवड्यांत सुकते. चाळीतल्या सामायिक संडासाऐवजी खोलीतच संडास-मोरी काढताना कित्येकदा वायू बाहेर टाकणारा उभा पाइप वगळला जातो. वातानुकूलन यंत्राची नळी थेट ड्रेनेजला जोडली जाते. वर दारे-खिडक्या बंद करून एक्झॉस्ट पंखा लावला की तो बाहेर टाकलेल्या हवेची भरपाई गटारातून ओढतो. पावसाळ्यात मलवाहिन्या भरल्या की आतल्या हवेला घराखेरीज वाट उरत नाही.

इथवरचा दोष घरगुती आहे आणि चांगला प्लंबर तो दूर करू शकतो. खरा प्रश्न पुढचा आहे: त्याच वाहिनीत कारखान्याचे सांडपाणी मिसळत असेल तर?

दक्षिण आणि मध्य मुंबईत घर आणि कारखाना कधीच वेगळे नव्हते. परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी टॉवर आले. पण गाळ्यांतले छपाई, रंगकाम, ड्रायक्लीनिंग, धातूला मुलामा देण्याचे उद्योग अनेक ठिकाणी टिकून आहेत. गिरगावाला लागून असलेल्या काळबादेवी-भुलेश्वरात सोने-चांदी गाळण्याचे काम चालते. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातून आलेल्या गलई कारागिरांनी या व्यवसायात पिढ्या घालवल्या आहेत. अशा कारखान्यांच्या धुराड्यांवर पालिकेने २०२४च्या अखेरीस कारवाई केली. धुराडे निदान डोळ्यांना दिसते. वापरलेले आम्ल कुठे जाते, हे दिसत नाही.

आम्ल गटारात ओतले गेले, तर मैल्यात विरघळलेले सल्फाइड झपाट्याने वायुरूप होऊन बाहेर पडते. म्हणूनच सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा, असा नियम आहे. नियम मोडला की काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले आणि काठच्या वस्तीतील शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२च्या पहाटे अशाच टँकरने सहा कामगारांचा बळी घेतला.

ड्रायक्लीनिंगचे परक्लोरोइथिलीन, थिनर, बेंझीन यांची कथा वेगळी आहे. त्यांनी एका रात्रीत कोणी कोसळत नाही. थोडे थोडे, वर्षानुवर्षे श्वासात जाते. अमेरिकेत बॉस्टन परिसरातील एका घराच्या तपासणीत परक्लोरोइथिलीन जमिनीतून झिरपत असावे असा आधी तर्क होता. तसे असते तर तळघरात ते जास्त सापडायला हवे होते. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात ते अधिक निघाले आणि माग मलवाहिनीपर्यंत गेला. केली पेनेल व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या तपासाचा धडा साधा आहे: खोलीखोलीतली हवा वेगवेगळी मोजा, मग वाहिनीतली मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जोडीला पाइपांत निरुपद्रवी धूर सोडला की फट कुठे आहे ते डोळ्यांनी दिसते. यात अवघड तंत्रज्ञान काही नाही.

अवघड आहे ती हद्द. रस्त्याखालची वाहिनी पालिकेच्या मलनिःसारण खात्याची, आवारातली सोसायटीची, उपकरप्राप्त इमारतीत दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे आणि कारखान्याचे सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. १९ सप्टेंबर २०१९च्या रात्री उपनगरांत वायूच्या वासाने हजारो लोक धास्तावले, तेव्हा अग्निशमन दलापासून महानगर गॅसपर्यंत सारे धावले. मोरीतल्या रोजच्या वासासाठी मात्र कोणीच धावत नाही. देशाच्या २००९च्या हवा-निकषांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत हायड्रोजन सल्फाइड नाही, आणि ते निकषही बाहेरच्या हवेचे आहेत.

म्हणून मागणी मोठी नाही. प्रत्येक विभाग कार्यालयात वायुमापक आणि तो वापरणारा प्रशिक्षित माणूस असावा. तक्रार एकाच ठिकाणी नोंदवली जावी आणि हद्द ठरवण्याचे काम तक्रारदाराकडे नसावे. मलवाहिन्यांच्या नकाशावर आम्ल व द्रावके वापरणारे गाळे नोंदवावेत. लहान कारखान्यांचे वापरलेले आम्ल गोळा करण्याची स्वस्त सोय करावी. नुसत्या धाडींनी ते रात्री ओतले जाईल. पुनर्विकसित इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी पाइपांची धूर-चाचणी सक्तीची व्हावी. याचा पहिला लाभ रहिवाशांआधी त्या गाळ्यातील कारागिराला आणि मॅनहोलवर काम करणाऱ्या सफाई कामगाराला होईल. विषारी हवा सर्वांत आधी त्यांच्याच छातीत जाते.

तोवर घरात एवढे करता येते. न वापरल्या जाणाऱ्या मोरीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे. वास केव्हा, कुठे, कशासारखा येतो याची तारीखवार नोंद ठेवावी. घराबाहेर पडल्यावर डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ थांबते का हेही लिहावे आणि डॉक्टरांना दाखवावे. वास अचानक वाढला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर पडून १०१ला कळवावे. लालबागच्या साराभाई इमारतीत ६ डिसेंबर २०२०च्या सकाळी गळती स्वयंपाकाच्या गॅसची होती, पण स्फोटाआधी वास लोकांना आलेलाच होता. आपण वास घेऊ शकतो, तो मोजू शकत नाही. मोजणे हे ज्यांचे काम आहे त्यांनी ते सुरू करावे.