अनुभव आहे, दाखला नाही

नोकरी शोधणाऱ्या तरुणाला सल्ल्यांची वाण नाही. बायोडाटा आटोपशीर असावा, मुलाखतीत नजर चुकवू नये, नवी कौशल्ये शिकावीत, ओळखी वाढवाव्यात. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : अडथळा उमेदवाराच्या ठायी आहे. प्रशासकीय सेवेत असताना रोजगार मेळाव्यांच्या व्यासपीठांवरून मीही हेच सांगत आलो. आज त्या भाषणांचा थोडा संकोच वाटतो, आणि त्याला कारण भिलाईत भेटलेला एक फिटर आहे.

वय पस्तिशीच्या आसपास. आयटीआय उत्तीर्ण, त्यानंतर वर्षभराची शिकाऊ उमेदवारी आणि मग अकरा वर्षे पंप, गिअरबॉक्स आणि कन्व्हेयरच्या दुरुस्तीचे काम. पाच ठेकेदारांकडे, तीन कारखान्यांत. दुसऱ्या राज्यातील एका कंपनीला अनुभवी फिटर हवे होते आणि अर्जासोबत अनुभवाचा दाखला जोडायचा होता. पाचपैकी दोन ठेकेदारांनी धंदा गुंडाळला होता, तिसरा फोन उचलत नव्हता, चौथ्याने ‘दाखला कशाला, काम देतो ना?’ असे विचारले आणि पाचव्याने नुसते आश्वासन दिले. प्रत्येक कंत्राट संपताच गेटपास जमा करून घेतला गेला होता. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात महिने दिसतात, ठेकेदारांची नावेही दिसतात. पण हा माणूस फिटर होता की हमाल, हे तिथे कळत नाही. त्याच्या पिशवीत एकच भरवशाचा कागद होता, तो शिकाऊ उमेदवारीच्या त्या एका वर्षाचा. शिकण्याचे एक वर्ष सिद्ध होत होते, काम केल्याची अकरा वर्षे नव्हती.

भिलाईत हे घडावे, याचे इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष वाटते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी संसदेने रिक्त जागा सेवायोजन कार्यालयांना कळवणे बंधनकारक करणारा कायदा केला आणि तो १ मे १९६० पासून अमलात आला. ही कार्यालये मुळात १९४५ मध्ये महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी निघाली, फाळणीनंतर सर्वांना खुली झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे राज्य पुनर्रचनेच्याच दिवशी, त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. या कायद्याने कुणाला नोकरी देण्याची सक्ती केली नाही. त्याने एवढेच म्हटले, की रिकाम्या जागेची बातमी ही कुणाची खासगी मालमत्ता नव्हे. मला हा विचार अजूनही मोठा वाटतो. ती कार्यालये पुढे नोंदवह्या आणि नूतनीकरणाच्या रांगा सांभाळत बसली, हा भाग वेगळा; त्या रांगा माझ्यासारख्यांच्याच देखरेखीखाली वाढल्या.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईचा प्रदीर्घ अभ्यास करून २०२० मध्ये ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथले लोक ‘नौकरी’ आणि ‘काम’ या दोन शब्दांत जो भेद करतात, त्यावर त्यांनी बोट ठेवले आहे. नौकरी म्हणजे कायम, पगारी, क्वार्टरसह; काम म्हणजे आज आहे, उद्या सांगता येत नाही. १९८०च्या दशकात खाणींसह ६० हजारांच्या पुढे गेलेली पोलाद कारखान्याची कायम कामगारसंख्या आता निम्म्याहूनही कमी आहे. उत्पादनक्षमता मात्र ४० लाख टनांवरून ७० लाख टनांकडे गेली. नौकरी आकसली आणि काम वाढले. नौकरीची बातमी जाहिरातीतून येते. कामाची बातमी मुकादमाकडून, गाववाल्याकडून, चहाच्या टपरीवर मिळते आणि ज्याच्याकडून मिळते त्याचे मिंधेपणही सोबत येते.

मग दाखला का मिळत नाही? कायद्यात त्याची सोय नव्हती असे नाही. कंत्राटी कामगार कायद्याखालील १९७१च्या केंद्रीय नियमांनुसार काम संपताच ठेकेदाराने सेवा प्रमाणपत्र द्यायचे होते आणि त्यात कामाचा कालावधी, स्वरूप व मजुरीचा दर नमूद करायचा होता. तो पाळला जात नसे, हे तपासणी अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आळस हे त्याचे एक कारण. खरे कारण कायदेशीर भीतीचे आहे.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पोलाद प्राधिकरणाच्याच खटल्यात निकाल दिला, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ आस्थापनेचे होत नाहीत. मात्र कंत्राट निव्वळ दिखाऊ असल्याचे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले, तर ते त्या आस्थापनेचेच कर्मचारी मानले जातील. साहजिकच ‘हा मनुष्य आमच्याकडे इतकी वर्षे अमुक काम करत होता’ असे सांगणारा कोणताही कागद हा संभाव्य पुरावा ठरतो. व्यवस्थापनाला तो नको असतो, ठेकेदारालाही नको असतो. ज्या शहरात शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली आणि जिथे पुढच्याच वर्षी, १ जुलैला, रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला, तिथे कायमपणाच्या मागणीचे वजन कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतील कलम ५६ मध्ये अनुभव प्रमाणपत्राचा उल्लेख आला, ही चांगली गोष्ट. पण ठेकेदाराने ते ‘मागणी केल्यास’ द्यायचे आहे. आधी जे कर्तव्य काम संपताच ठेकेदारावर येत होते, ते आता कामगाराच्या तोंड उघडण्यावर अवलंबून राहिले. पुढचे काम ज्याच्या हाती, त्याच्याकडे मागणी कोण करील?

उपाय अवघड नाही, अप्रिय मात्र आहे. मोठ्या आस्थापनांत कोण कधी आत आले, कोणत्या विभागात गेले, याची नोंद प्रवेशद्वारावर असते. तिच्या आधारे दाखला मूळ आस्थापनेने द्यावा, ठेकेदाराने नव्हे. आणि केवळ तो दाखला मालक-कामगार संबंधाचा पुरावा धरला जाणार नाही, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात करावी. कामगार संघटनांना हे रुचणार नाही. त्यांच्या हातातील एक हत्यार त्यामुळे बोथट होते, हे मी नाकारत नाही. पण न्यायाधिकरणातला खटला एखाद्या पिढीला पुरतो आणि फिटरला अर्ज या महिन्यात भरायचा असतो. सरकारी पोलाद कारखान्यांना ही सुरुवात करण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. निविदेच्या अटींत ते बसते.

सरकारी भरतीविषयी थोडेच. आरक्षणाच्या वादात सप्टेंबर २०२२ ते मे २०२३ या काळात छत्तीसगडमधील भरती अडकली आणि वय मात्र वाढत राहिले. त्याच सुमारास राज्याने दरमहा २५०० रुपयांचा बेरोजगारी भत्ता सुरू केला. त्यासाठी सेवायोजन कार्यालयात किमान दोन वर्षांची नोंदणी आवश्यक होती. म्हणजे बेकार असल्याचा कागद सरकारदरबारी मिळत होता.

त्या फिटरचा अर्ज मी भरून दिला. अनुभवाच्या रकान्यात पाच ठेकेदारांची नावे आणि तारखा लिहिल्या, सोबत भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक जोडले. ‘प्रमाणपत्र क्रमांक’ हा रकाना संगणक रिकामा सोडू देत नव्हता. आम्ही तिथे शून्य टाकले.